दीर्घतरंग प्रारण व पृथ्वीचा ऊर्जा-ताळेबंद

दीर्घतरंग प्रारण : भूपृष्ठ, ढग आणि वातावरणातील काही वायू आपापल्या तापमानानुसार अवरक्त तरंगांच्या रूपाने जी ऊर्जा अहोरात्र बाहेर टाकीत असतात, तिला वातावरणविज्ञानात दीर्घतरंग प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) असे म्हणतात. सूर्यपृष्ठाचे तापमान सु. ५,५००° से. असल्याने त्याची बहुतेक ऊर्जा ४ मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी लांबीच्या तरंगांतून येते व तिची कमाल तीव्रता ०·५ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशात असते. पृथ्वीचे सरासरी तापमान अवघे १५° से. असल्याने तिचे प्रारण मुख्यत्वे ४ ते १०० मायक्रोमीटर या पट्ट्यात पडते व त्याची कमाल तीव्रता सु. १० मायक्रोमीटरला आढळते. हे दोन पट्टे एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. त्यामुळे येणारी ऊर्जा लघुतरंग व जाणारी ऊर्जा दीर्घतरंग असा स्वच्छ भेद करता येतो. ऊर्जेच्या जमाखर्चातील जमेची बाजू डोळ्यांना दिसते. खर्चाची बाजू दिसत नाही. या अदृश्य बाजूचा शोध कसा लागला, तिचे मापन कसे होऊ लागले आणि त्या कार्यात पुणे येथील संशोधनाचा वाटा कोणता, याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

ऊर्जेचा जमाखर्च : पृथ्वीभोवतीचे अवकाश निर्वात असल्याने वहन वा अभिसरण या मार्गांनी उष्णता तेथे जाऊ शकत नाही. सूर्याकडून ऊर्जा घेणे व अवकाशाला ती परत देणे हे दोन्ही व्यवहार केवळ प्रारणाद्वारेच घडतात. संपूर्ण पृथ्वीचा व रात्रंदिवसाचा विचार करून सरासरी काढल्यास वातावरणाच्या माथ्यावर दर चौ. मी. मागे सु. ३४० वॉट सौर ऊर्जा पोहोचते. त्यांपैकी सु. १०० वॉट ढग, धूलिकण, हिम व भूपृष्ठ यांवरून परावर्तित होऊन निघून जातात, सु. ८० वॉट वातावरणात व सु. १६० वॉट भूपृष्ठात शोषले जातात. शोषलेल्या या २४० वॉटइतकेच दीर्घतरंग प्रारण अवकाशात गेले, तर ग्रहाचे तापमान स्थिर राहते. ते कमी गेले, तर उष्णता साठत जाते व तापमान वाढते. तापमान वाढले की उत्सर्जन वाढते आणि पुन्हा समतोल साधतो. ग्रहाचे तापमान ठरविणारी मूळ यंत्रणा हीच होय.

दर चौ. मी. ला २४० वॉट उत्सर्जित करणाऱ्या कृष्ण पदार्थाचे (आपल्यावर पडलेले सर्व प्रारण शोषून घेणाऱ्या आदर्श पदार्थाचे) तापमान सु. −१८° से. असावे लागते. पृथ्वीचे सरासरी तापमान मात्र १५° से. च्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक वातावरणामुळे पडतो. नायट्रोजन व ऑक्सिजन हे हवेतील प्रमुख घटक दीर्घतरंग प्रारणाला जवळजवळ पारदर्शक आहेत. परंतु अल्प प्रमाणात असलेले जलबाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड, ओझोन इ. वायू ते शोषून घेतात. जलबाष्प ६·३ मायक्रोमीटरच्या आसपास व १८ मायक्रोमीटरच्या पलीकडे, तर कार्बन डाय-ऑक्साइड १५ मायक्रोमीटरच्या आसपास प्रभावी शोषण करतो. ८ ते १२ मायक्रोमीटर हा पट्टा, ओझोनाचे शोषण वगळता, बराचसा मोकळा असतो व त्याला ‘वातावरणीय खिडकी’ म्हणतात. जे वायू शोषतात ते उत्सर्जनही करतात आणि त्यांचे उत्सर्जन वर-खाली अशा दोन्ही दिशांना होते. यामुळे भूपृष्ठ दर चौ. मी. मागे सु. ३९८ वॉट उत्सर्जित करीत असले, तरी त्याला वातावरणाकडून सु. ३४२ वॉट परत मिळतात. भूपृष्ठ जेवढा सूर्यप्रकाश शोषते, त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा त्याला या मार्गाने मिळते. या घटनेस पादपगृह (हरितगृह) परिणाम असे नाव आहे. [⟶ अवरक्त प्रारण, वातावरण].

प्रारंभीचा इतिहास : रात्रीच्या प्रारणाचा अभ्यास दव व बर्फ यांच्या निरीक्षणातून सुरू झाला आणि त्यात भारतातील एका जुन्या व्यवसायाला महत्त्वाचे स्थान आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात उथळ खड्ड्यांत वाळलेला ऊस किंवा मक्याची ताटे यांचा थर पसरून त्यावर मातीच्या उथळ ताटल्यांत पाणी ठेवीत व पहाटे त्यांतील बर्फ गोळा करीत. अलाहाबाद येथे पाहिलेल्या या पद्धतीचे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही पाणी गोठते, याचे कारण त्या वेळी बाष्पीभवन हे मानले जाई. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावरील आपल्या ग्रंथात निराळी मीमांसा केली. निरभ्र व शांत रात्री पदार्थ आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात व म्हणून त्यांवर दव जमते, असे त्यांनी दाखविले आणि भारतातील बर्फनिर्मितीलाही तेच कारण लावले. ताटांचा थर जमिनीतील उष्णता ताटल्यांपर्यंत येऊ देत नाही, एवढेच त्याचे कार्य होते.

दरम्यान १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांना सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे ठेवलेल्या तापमापकाचा पारा चढलेला आढळला व अवरक्त प्रारणाचा शोध लागला. झां बातीस्त झोझेफ फूर्ये यांनी १८२४ मध्ये पृथ्वीच्या तापमानाचा प्रश्न ऊर्जेच्या समतोलाचा म्हणून मांडला आणि प्रकाशाला आत येणे जितके सुलभ आहे, तितके अदृश्य उष्णतेला बाहेर जाणे सुलभ नाही, हे ओळखले. अमेरिकेतील युनिस फुट यांनी १८५६ मध्ये निरनिराळ्या वायूंनी भरलेली काचपात्रे उन्हात ठेवून कार्बन डाय-ऑक्साइड असलेले पात्र अधिक तापते, असे दाखविले. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत दीर्घतरंग उष्णतेचे वायूंकडून होणारे शोषण प्रत्यक्ष मोजले. कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असून जलबाष्पाचे शोषण त्या मानाने फार मोठे आहे, हे त्यांनी सिद्ध केले. योझेफ श्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांच्या आधारे व लूटव्हिख बोल्ट्समान यांनी १८८४ मध्ये सैद्धांतिक रीत्या उत्सर्जन हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा नियम दिला. या नियमामुळे ताळेबंद आकड्यांत मांडणे शक्य झाले. स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बदलल्यास भूपृष्ठाचे तापमान किती बदलेल, याचे पहिले सविस्तर गणित केले.

रात्री आकाशाकडून खाली येणाऱ्या प्रारणाचे पद्धतशीर मापन स्वीडनचे आंडर्स ओंगस्ट्रॉम यांनी अल्जीरिया व कॅलिफोर्निया येथे केले. निरभ्र आकाशाचे प्रारण भूपृष्ठाजवळील हवेचे तापमान व तिच्यातील बाष्पदाब यांवरून काढण्याचे त्यांचे सूत्र १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताशी संबंधित असा पुढचा टप्पा जॉर्ज सिम्पसन यांचा. ते १९०६ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागात सिमला येथे रुजू झाले व स्कॉट यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतही सहभागी होते. ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचे संचालक असताना १९२८ मध्ये त्यांनी पृथ्वीच्या प्रारणासंबंधी निबंध लिहिले. जलबाष्पाला सर्व तरंगांसाठी सारखेच अपारदर्शक मानण्याची तोवरची रीत त्यांनी सोडली आणि वर्णपटाचे पूर्ण अपारदर्शक, अंशतः पारदर्शक व पारदर्शक असे भाग करून अवकाशात जाणाऱ्या प्रारणाचे गणित केले.

पुण्यातील संशोधन : भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर भागातील त्याची इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी उपकरणे, कृषी हवामान व प्रारण या विषयांचे काम पुण्यातच वाढले. १९३० नंतरच्या दशकात येथे दीर्घतरंग प्रारणाविषयी महत्त्वाचे संशोधन झाले. ते करणाऱ्यांत कल्पाती रामकृष्ण रामनाथन (१८९३—१९८४) व लक्ष्मीनारायणपुरम् अनंतकृष्ण रामदास (१९००—७९) हे प्रमुख होत. दोघेही सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकलेले भौतिकीविज्ञ होते. पुण्यात १९३२ मध्ये कृषी वातावरणविज्ञानाची स्वतंत्र शाखा रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि कृषी महाविद्यालयाच्या आवारात तिची मध्यवर्ती वेधशाळा उभी राहिली. पिकाच्या उंचीवरील हवा, मातीचा वरचा थर व त्यांतील उष्णतेची ये-जा हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. त्यामुळे प्रारणाचा प्रश्न येथे प्रथमपासूनच शेताच्या पातळीवर हाताळला गेला.

ओंगस्ट्रॉम यांचे सूत्र निरीक्षणांवर बेतलेले होते. त्यातील स्थिरांकांना भौतिक अर्थ नव्हता. पी. के. रामन यांनी १९३५ मध्ये रात्रीच्या निरभ्र आकाशाच्या प्रारणाची चर्चा केली व त्याच वर्षी रामनाथन आणि रामदास यांनी हे सूत्र जलबाष्पाच्या शोषणपट्ट्यांवरून कसे निष्पन्न होते, ते दाखविले. वर्णपटाच्या काही भागांत जमिनीलगतचा हवेचा पातळ थरच जवळजवळ संपूर्ण शोषण व उत्सर्जन करतो. काही भागांत कित्येक किलोमीटर उंचीपर्यंतच्या बाष्पाचा वाटा असतो. आणि खिडकीच्या भागात आकाश मोकळे असते. या तिन्हींची बेरीज म्हणजे खाली येणारे प्रारण होय. आकाशाच्या निरनिराळ्या भागांतून येणारे प्रारण सारखे नसते व रात्र चढते तसे ते बदलत जाते, हेही पुण्याच्या निरीक्षणांवरून १९३७ मध्ये मांडण्यात आले. रामदास व द्रविड यांनी १९३६ मध्ये भूपृष्ठावर पडलेल्या सौर ऊर्जेची वाटणी माती, हवा व प्रारण यांत कशी होते, याचा मातीच्या तापमानांच्या आधारे अभ्यास केला. ग्रहाचा जो ताळेबंद फूर्ये यांनी तत्त्वतः मांडला होता, तोच येथे शेताच्या एका तुकड्यासाठी मांडला गेला.

रामदास थर : या काळातील सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष रामदास व एस्. आत्मनाथन् यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. शांत व निरभ्र रात्री भूपृष्ठ प्रारणामुळे थंड होते व त्याच्या संपर्काने हवा थंड होते. म्हणून सर्वांत कमी तापमान जमिनीवरच असले पाहिजे आणि वर जावे तसे तापमान वाढले पाहिजे, अशी वेल्स यांच्यापासूनची समजूत होती. उघड्या जमिनीवर थोड्या थोड्या अंतराने तापमापक ठेवून घेतलेल्या निरीक्षणांत मात्र नीचतम तापमान जमिनीवर न आढळता काही सेंमी. ते सु. अर्धा मीटर उंचीवर आढळले. तेथील हवा जमिनीपेक्षा काही अंशांनी थंड होती व ही स्थिती रात्रभर टिकून राहत असे.

हा निष्कर्ष दोन कारणांनी स्वीकारणे कठीण गेले. पहिले असे की, जमीन हवेपेक्षा अधिक जोमाने उत्सर्जन करते, मग हवा तिच्याहून थंड कशी होणार? दुसरे असे की, थंड म्हणून जड असलेली हवा उबदार जमिनीवर तरंगत राहणे अस्थिर आहे. ती खाली उतरून मिसळून जावयास हवी. तापमापकातून स्वतंत्रपणे होणारे प्रारण किंवा शेजारच्या उतारावरून वाहत आलेली थंड हवा यांमुळे हा आभास निर्माण होत असावा, असे अनेकांना वाटले. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस राश्के यांनी पुण्यात येऊन उघड्या जमिनीवर काळजीपूर्वक मापने केली व १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या नीचतम तापमानाच्या अस्तित्वाला दुजोरा दिला. इतर देशांतही तशी निरीक्षणे झाली. या थराला पुढे ‘रामदास थर’ हे नाव रूढ झाले.

थराचे अस्तित्व मान्य झाले, तरी कारण अनेक वर्षे वादग्रस्त राहिले. बंगलोर येथे ए. एस्. वासुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन व रोद्दम नरसिंह यांनी १९९३ मध्ये त्याची सविस्तर उपपत्ती मांडली. जमिनीची उत्सर्जनक्षमता आदर्श कृष्ण पदार्थापेक्षा किंचित कमी असते, या गोष्टीला तीत मध्यवर्ती स्थान होते. त्याच शहरातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात के. आर्. श्रीनिवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या गणिताची फेरतपासणी केली. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या प्रारणाचे वर्णपटानुसार वेगवेगळे गणित न केल्यामुळे पूर्वीच्या उपपत्तीत प्रत्यक्षात नसलेले शीतलन दिसत होते, असे त्यांनी २०१२ मध्ये दाखविले. त्यांच्या क्षेत्रीय व प्रयोगशाळेतील प्रयोगांवरून (२०१४) जमिनीलगत तरंगणारे सूक्ष्म घन व द्रव कण दीर्घतरंग प्रारण उत्सर्जित करून हवेला त्वरेने थंड करतात, असा निष्कर्ष निघाला. धूलिकणांचा संबंध असावा, असे अनुमान १९६० नंतरच्या दशकातही करण्यात आले होते.

या प्रकरणाचे महत्त्व एका थराच्या कुतूहलापुरते नाही. जमीन उत्सर्जन करते व हवा केवळ तिच्यामागून जाते, ही कल्पना त्यामुळे मागे पडली. हवा व तीतील कण हे स्वतःच शोषण व उत्सर्जन करणारे, ताळेबंदातील स्वतंत्र खातेदार आहेत, ही गोष्ट अवघ्या हातभर उंचीवर मोजता आली.

शेती व वस्ती यांतील प्रत्यय : हिवाळ्यात महाबळेश्वर येथे वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर व वाहनांच्या टपांवर दव गोठलेले आढळते. त्याच पहाटे वेधशाळेतील तापमान गोठणबिंदूच्या कित्येक अंश वर नोंदलेले असते. यात विसंगती नाही. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. गवताचे पाते मात्र उघड्या आकाशासमोर असते. १०° से. तापमानाचे पृष्ठ दर चौ. मी. मागे सु. ३६४ वॉट उत्सर्जित करते. कोरड्या व निरभ्र रात्री त्यातील ७० ते १०० वॉट भरून निघत नाहीत. ढग आले, तर ही तूट अगदी कमी होते. कारण ढगाचा तळ खिडकीच्या पट्ट्यातही उत्सर्जन करतो. वारा सुटल्यास वरची उबदार हवा खाली मिसळते. म्हणूनच निरभ्र, कोरडी व शांत रात्र पिकाला सर्वांत धोक्याची असते.

नासिक जिल्ह्यातील निफाड भागात थंडीची लाट आली असता द्राक्षबागांना या धोक्याला तोंड द्यावे लागते. फळ तडकणे, घडांची वाढ थांबणे यांमुळे वर्षाचे उत्पन्न एका पहाटेत कमी होऊ शकते. बागेत शेकोट्या पेटवून धूर करण्याची व पहाटे पाणी देण्याची पद्धत आहे. दीर्घतरंग प्रारणाच्या दृष्टीने या दोन उपायांचे मूल्य वेगवेगळे आहे. धुराचे कण बहुधा दहा मायक्रोमीटरच्या तरंगांना अडविण्याइतके मोठे नसतात. त्यामुळे धुराच्या आच्छादनापेक्षा शेकोटीची ऊब व तिच्यामुळे होणारी हवेची घुसळण अधिक उपयोगी पडते. धुक्याचे जलबिंदू मोठे असल्याने ते मात्र प्रारण चांगले अडवितात. ओली माती खालच्या थरांतील उष्णता सहज वर आणते व हवेतील बाष्पही वाढविते. म्हणून पाणी देण्याला भौतिक आधार आहे.

कोल्हापूर भागात पंचगंगेच्या खोऱ्यात हिवाळ्यातील पहाटे धुके व गुऱ्हाळांचा धूर जमिनीलगत आडव्या थरासारखा पसरतो. रात्रीच्या प्रारणाने खालची हवा थंड व जड होऊन वर उबदार हवेचे झाकण बसल्याचे ते दृश्य चिन्ह होय. त्याच रात्री शहरात स्थिती निराळी असते. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या शाहूपुरीसारख्या पेठेत आता दाट इमारती आहेत. अशा अरुंद रस्त्यांतून आकाशाचा लहानसा भागच दिसतो. भिंतींनी उत्सर्जित केलेली उष्णता समोरच्या भिंती शोषतात व दिवसभर साठलेली ऊब सावकाश बाहेर पडते. मोकळ्या शिवारापेक्षा दाट वस्तीत रात्र उबदार राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. उन्हाळ्यात हीच गोष्ट त्रासदायक ठरते.

उंचीवरील मापन : शेतात मोजलेले प्रारण व अवकाशात जाणारे प्रारण यांच्यामध्ये वातावरणाची संपूर्ण जाडी असते. तिचा वेध घेण्याच्या कामात अण्णा मणी (१९१८—२००१) यांचे नाव अग्रगण्य आहे. त्या १९४८ मध्ये पुण्यात हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात (१९५७—५८) त्यांनी भारतात प्रारणमापन केंद्रांचे जाळे उभारले व त्यासाठी लागणारी उपकरणे देशातच बनवून त्यांचे प्रमाणीकरण करण्यावर भर दिला. हवाई फुग्याबरोबर वर जाणाऱ्या प्रारणमापकात वर व खाली तोंड केलेली दोन काळी पृष्ठे असतात. त्यांवर अवरक्त तरंगांना पारदर्शक अशी पॉलिएथिलिनाची पातळ चादर असते. सूर्यप्रकाशाचा अडथळा नको, म्हणून अशी उड्डाणे रात्री करतात. अशा मापनांवर आधारलेला मणी, सी. आर्. श्रीधरन व व्ही. श्रीनिवासन यांचा भारतावरील अवरक्त प्रवाहांविषयीचा निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातील निरभ्र हवा दीर्घतरंग प्रारणामुळे दिवसाला सु. १° ते २° से. या वेगाने थंड होत असते व ही तूट मुख्यत्वे पाऊस पडताना मुक्त होणाऱ्या सुप्त उष्णतेने भरून निघते. पर्जन्य व प्रारण यांचा असा घनिष्ठ संबंध आहे.

वातावरणाच्या माथ्यावरील ताळेबंदाचे प्रत्यक्ष मापन कृत्रिम उपग्रहांमुळे शक्य झाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोडलेल्या एक्सप्लोरर–७ या अमेरिकी उपग्रहावर व्हर्नर सुओमी यांचा प्रारणमापक होता. पृथ्वी पूर्वी मानले जाई त्यापेक्षा कमी सूर्यप्रकाश परावर्तित करते व अधिक दीर्घतरंग प्रारण बाहेर टाकते, असे पहिल्या दशकभरातील उपग्रहीय मापनांवरून दिसून आले. भारताच्या इन्सॅट मालेतील १९८३ च्या इन्सॅट–१बी पासून अवरक्त खिडकीतील प्रतिमा नियमित मिळू लागल्या. भारत व फ्रान्स यांच्या मेघा-ट्रॉपिक्स (२०११) या उपग्रहावर उष्ण कटिबंधातील प्रारणाचा ताळेबंद मोजणारे स्वतंत्र उपकरण होते.

ढगांचे माथे जितके उंच तितके थंड व म्हणून त्यांवरून जाणारे प्रारण कमी. सु. −६०° से. तापमानाचा ढगाचा माथा दर चौ. मी. मागे केवळ ११७ वॉट उत्सर्जित करतो, २७° से. तापमानाची जमीन ४५९ वॉट. यामुळे बाहेर जाणारे दीर्घतरंग प्रारण हे मॉन्सूनचे एक मापच बनले आहे. हवामानशास्त्र विभागाने २००६ पासून वापरात आणलेल्या निकषांनुसार केरळवर मॉन्सूनचे आगमन घोषित करताना पाऊस व वारे यांबरोबरच ५° ते १०° उ. अक्षांश व ७०° ते ७५° पू. रेखांश या सागरी चौकोनावरील हे प्रारण दर चौ. मी. ला २०० वॉटपेक्षा कमी आहे काय, हेही पाहतात. [⟶ मॉन्सून वारे].

सद्यःस्थिती : कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सु. २८० भाग होते. हवाई बेटातील मौना लोआ येथे १९५८ मध्ये सलग मापन सुरू झाले, तेव्हा ते सु. ३१५ होते, तेथील २०२४ ची सरासरी ४२० हून अधिक होती. हे प्रमाण वाढले की अवकाशात जाणारे प्रारण अधिक उंच व अधिक थंड थरांतून निघते, म्हणून सुरुवातीस ते घटते. खर्च कमी झाल्याने उष्णता साठते, भूपृष्ठ व खालचे वातावरण तापते आणि उत्सर्जन पुन्हा वाढू लागते. त्याच वेळी स्थितांबर मात्र थंड होते. सूर्य अधिक तापल्यामुळे तापमानवाढ झाली असती, तर स्थितांबरही तापले असते. स्यूकुरो मानाबे व रिचर्ड वेदरॉल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने हा भेद दाखविला व पुढे मापनांनी त्याला पुष्टी दिली.

या ताळेबंदातील आजची तफावत दर चौ. मी. मागे सु. १ वॉट आहे, म्हणजे २४० वॉटमागे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आकडा लहान असला, तरी तो संपूर्ण पृथ्वीच्या क्षेत्रफळाला व वर्षानुवर्षांच्या काळाला लागू होतो. साठलेल्या उष्णतेपैकी सु. नऊ-दशांश महासागरांत जाते. उपग्रहीय मापने व महासागरातील तापमानांच्या नोंदी या दोन स्वतंत्र पद्धतींनी २००५ ते २०१९ या काळात ही तफावत जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले. या वाढीत पादपगृह वायूंबरोबर ढग व सागरी हिम घटल्यामुळे वाढलेल्या सूर्यप्रकाशाच्या शोषणाचाही वाटा आहे.

इतकी सूक्ष्म तफावत गणिती प्रतिमानांनाही सांभाळावी लागते. प्रतिमानाचा जमाखर्च मुळातच जुळत नसेल, तर शतकभराचे गणित करताना त्यातील कृत्रिम तूट वा शिल्लक साचत जाऊन खरा बदल झाकला जातो. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने भारतातील पहिले पृथ्वी-प्रणाली प्रतिमान २०१५ मध्ये मांडले. त्याच्या २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत वातावरणाच्या माथ्यावरील प्रारणाचा समतोल साधणे ही प्रमुख सुधारणा होती. या प्रतिमानाची गणिते आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी (२०२१) जगातील इतर प्रतिमानांबरोबर वापरण्यात आली. आता प्रतिमानांतील अनिश्चिततेचा मोठा भाग ढग व सूक्ष्म कण यांच्या प्रारणाशी निगडित आहे. त्यांपैकी कणांच्या दीर्घतरंग प्रारणाचा प्रश्न रामदास व आत्मनाथन् यांच्या १९३२ च्या निरीक्षणांतूनही पुढे आला होता.